कळसूबाईचा दगड आणि माझ्या खारातल्या कैऱ्या

सुरुवातीलाच स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर 'बाईंनी आडपडदा ठेवला' असे कोणी म्हणायला नको. दगड मी उचलला. मीच तो वापरला. आणि मीच तो स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, होता तिथे परत ठेवला. या प्रकरणात माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचाही हात नाही. असलाच तर थोडासा परमेश्वराचा, कारण कैरीला पाण्यावर तरंगण्याचा गुण त्याने दिला आहे.

हसू नका. आधी चहा घ्या. गोष्ट लांबलचक आहे आणि माझी फजिती तुम्ही गार चहाबरोबर ऐकावी, हे मला मान्य नाही.

आयुष्यभर मी शाळेत मराठी शिकवले. मुले मला घाबरत, मुलांचे पालक मला घाबरत, आणि शाळा तपासायला येणारे साहेबसुद्धा माझ्या वर्गाच्या दाराशी चपला जोडीने लावून मगच आत येत. दुसऱ्याच्या चुका काढणे हा माझा व्यवसाय होता. स्वतःची चूक काढण्याचा प्रसंग त्यात कधी आलाच नाही. अशा बाईच्या हातून काय घडावे? तर सह्याद्रीच्या माथ्यावर ज्वालामुखी!

होय, ज्वालामुखी. ऐका तर.

त्या वर्षी मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि वारज्याच्या एका नव्या सोसायटीत राहायला आले होते. फ्लॅट मुलाने घेतलेला, मुलगा अमेरिकेत. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे संगणक वेडे होणार, अशी तेव्हा सर्वांना धास्ती होती. आणि ते वेडे होऊ नयेत म्हणून आमचा अभय तिकडे बसून काहीतरी दुरुस्त करत होता. इकडे पुण्यात संगणकांऐवजी माणसेच वेडी झाली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर संगणकाचे क्लास निघाले होते. काल ज्या गाळ्यात पिठाची गिरणी होती, तिथे आज पडदे लावून, थंड हवा सोडून, चपला बाहेर काढायला लावून संगणक शिकवत. देवळात नसेल इतके सोवळे!

आणि अशा दिवसांत माझी भाची मुक्ता माझ्याकडे राहून दगडांवर संशोधन करत होती.

मुक्ता भूशास्त्राची विद्यार्थिनी. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड अशा उंच उंच शिखरांवर चढायचे, तिथला काळा दगड हातोडीने फोडायचा, पाठीवर लादून पुण्याला आणायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्याच्याकडे पाहत बसायचे, असा तिचा दिनक्रम. मी एकदा विचारले, "एवढ्या वर जाऊनच दगड कशाला आणायचा? इथे आपल्या टेकडीवर कमी आहेत का?"

"आत्या, आपला सगळा सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर आहेत. एकावर एक. पोळ्यांची चवड असते ना, तसे. खालच्या पोळ्या खाली सापडतात. वरची पोळी हवी असेल तर वरच जावं लागतं."

उपमा चांगली होती. मी तिला पूर्ण गुण दिले.

"पण हा लाव्हा नेमका आला कुठून?"

"तीच तर गंमत आहे. जमिनीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून वाहत आला, असं म्हणतात. पण ज्वालामुखीचं तोंड म्हणावं, असं इथे माथ्यावर कुणाला सापडलेलं नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवले होते, नको तितके.

मुक्ताचे वडील म्हणजे माझा धाकटा भाऊ वसंता. सांगलीला हळदीचा व्यापारी. त्याला हे दगड मुळीच पसंत नव्हते. दर रविवारी त्याचा फोन यायचा.

"ताई, अगं पोरीला शिकायला पाठवली की खडी फोडायला? आमच्या शेजारच्या पाटलाचा पोरगा कॉम्प्युटरचा क्लास काय लावला, बंगलोरला लागला की! त्याच्या आईचं बोलणं ऐकवत नाही आता. हिला म्हणावं, दगड टाक आणि कॉम्प्युटर धर."

"वसंता, ज्ञानाची अशी तुलना करू नये."

"ज्ञान राहू दे. पावसाळ्यात तिचं कसलं ते कॉलेजात भाषण आहे म्हणते. मी स्वतः येतो ऐकायला. काही दम दिसला तर राहू दे. नाही दिसला, तर क्लासात तिचं नाव घालूनच मी सांगलीची गाडी पकडणार. सांगून ठेवतो!"

म्हणजे त्या एका भाषणावर मुक्ताचे सगळे अडकले होते. ती बिचारी जेवतानासुद्धा घासाऐवजी लाव्हाच गिळत असावी, अशी बसे. आणि मी? मी मनाशी ठरवले होते की पोरीला माझ्याकडून होईल तेवढे साहाय्य करायचे. केले ना. अगदी मनापासून केले.

आता कैऱ्यांकडे वळू.

दर वर्षी मी खारातल्या कैऱ्या घालते. अख्ख्या कैऱ्या, मिठाचे पाणी, हळद, हिंग आणि तळलेल्या मेथीची पूड. ही आमच्या सासरची पद्धत. या पदार्थात एकच अवघड गोष्ट आहे. कैऱ्या तरंगतात. वर आलेली कैरी पाण्याबाहेर राहते, तिला बुरशी धरते आणि सगळी बरणी वाया जाते. म्हणून वर लाकडी चकती ठेवायची आणि चकतीवर चांगला जड दगड. माझ्याकडे सासूबाईंच्या वेळचा नदीतला दगड होता. घर बदलताना टेम्पोवाल्याने तो 'बाई, दगड कुठं नेता?' असे म्हणून परस्पर जुन्या घराच्या दारातच ठेवून दिला.

मी पितळी तांब्या ठेवून पाहिला, तो कलंडला. पाणी भरलेला डबा ठेवला. तोही तरंगू लागला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शब्दकोश ठेवला. एवढा वजनदार ग्रंथ, पण कैऱ्यांनी त्यालाही जुमानले नाही. चकतीच्या कडेने एकेक हिरवे डोके वर! मागच्या बाकावरची मुले जशी बाईंची पाठ वळताच वर येतात, तशी.

मुक्ता तेव्हा साल्हेरकडे गेली होती. पाऊस लागण्याआधी शेवटचे नमुने आणायला. गॅलरीत तिच्या पिशव्या रांगेने मांडून ठेवलेल्या. पिशव्या मीच जुन्या चादरींच्या शिवून दिल्या होत्या. प्रत्येकीत दगड आणि तो कुठला ते सांगणारी चिठ्ठी. मी सहज डोकावले. आणि एका पिशवीत तो दिसला!

काय सांगू! एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने हाताच्या पकडीत बसेल असा फुगीर, वजनाला भक्कम. अंगभर बारीक भोके, पण खार आत-बाहेर खेळायला ती बरीच, असा मी विचार केला. चिठ्ठीवर लिहिले होते: 'कळसुबाई, माथा.' मी आधी त्यातला 'सु' दीर्घ केला आणि मग दगड उचलला.

तुम्ही म्हणाल, बाई, तो संशोधनाचा दगड होता. अहो, मला ठाऊक होते! पण मी काय तो फोडणार होते? कोट्यवधी वर्षे तो डोंगरावर ऊन-पाऊस खात बसला. माझ्या थंडगार स्वयंपाकघरात थोडे दिवस कैऱ्यांवर बसला तर त्याचे काय झिजणार? उलट त्याला जरा संगत मिळेल. असे माझे तर्कशास्त्र. मुक्ता परत यायच्या आधी मी दगड काढला, तीन पाण्यांनी धुतला, गॅलरीत कडक उन्हात वाळवला आणि त्याच पिशवीत, त्याच चिठ्ठीसह, त्याच जागी ठेवला. शिस्त म्हणजे शिस्त!

कैऱ्या उत्तम झाल्या, हेही नमूद करते.

मुक्ता आली, उन्हाने काळवंडलेली आणि आनंदात. पिशव्या रिक्षात घालून कॉलेजात घेऊन गेली. आणि पुढच्याच आठवड्यात एका संध्याकाळी जिना दणाणवत वर आली.

"आत्या! आत्या, सापडलं!"

"काय सापडलं? आणि चपला आधी."

"मीठ सापडलं! कळसूबाईच्या माथ्यावरच्या दगडात मीठ! भोकाभोकांत पांढरे, चौकोनी स्फटिक. इतके सुंदर, की बघत राहावं!"

"मीठच आहे, हे कशावरून?"

"मी चाटून पाहिला."

गॅसवरचे माझे वरण उतू गेले. "दगड चाटलास? मुक्ता, आपल्या घराण्यात आजवर कोणी दगड चाटला नव्हता!"

"भूशास्त्रात चाटतात, आत्या. सगळेच चाटतात. आमचे इनामदार सर तर आधी चाटतात आणि मग बघतात. पण पुढे ऐक. मिठावर एक पिवळा थर आहे. आणि वास! उग्र, नाकात बसणारा. गंधकाचा असणार. मीठ आणि गंधक एकत्र कुठे जमतात, माहीत आहे? ज्वालामुखीच्या तोंडाशी! जिथून तो वाफा सोडतो, तिथे! आत्या, कळसूबाईच्या माथ्यावर ज्वालामुखीचं तोंड होतं!"

आता तुमच्या चेहऱ्यावर जो प्रश्न आहे, तो मला स्पष्ट दिसतो. मीठ म्हटल्यावर, पिवळे म्हटल्यावर, उग्र वास म्हटल्यावर तुम्हाला काहीच कसे आठवले नाही? नाही आठवले! कारण मी धुतलेली वस्तू ही स्वच्छच असते, असा माझा सिद्धांत होता. शिवाय माझी भाची थोर संशोधक निघाली, या वार्तेने माझी बुद्धी इतकी उंच गेली होती की तिथून स्वयंपाकघर दिसत नव्हते.

मुक्ता मात्र म्हणाली, "आत्या, अजून कुणाला बोलू नकोस हं. मुंबईहून पृथक्करण यायचं आहे. सर नुसते 'हं' म्हणाले."

मी कोणाला बोलले नाही. मी लिहिले.

सोसायटीच्या फळ्यावर, पाण्याच्या वेळांच्या खाली, वळणदार अक्षरात: 'सदनिकाधारक श्रीमती वसुधा यांच्या भाचीस सह्याद्रीच्या शिखरावर ज्वालामुखीचा शोध. अभिनंदन!' मग कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन अभयला सविस्तर ई-मेल केला. त्याचे उत्तर आले: 'आई, ग्रेट! पण नक्की तपासलंय ना?' मला राग आला. आईच्या लेखनावर शंका! त्या रागात मी तोच मजकूर माझ्या परदेशस्थ विद्यार्थ्यांना पाठवला. ज्यांचे ज्यांचे पत्ते होते, त्या सर्वांना.

सायंकाळी समोरच्या मंदाताई आल्या. मूळच्या अमरावतीकडच्या. त्यांचे यजमान खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात.

"बाई, फळ्यावर वाचलं. ज्वालामुखी म्हणजे तो फुटते तोच ना?"

"फुटतो, मंदाताई. पुल्लिंग."

"पुल्लिंग असो का काही असो, बाप्पा, पण आता फुटन का? आमचे हे दिवसभर बारुदीत राह्यते, तेवढीच धास्ती पुरे होती मले. आता डोंगरातूनही धडाका होईन म्हणता? आधी सांगा, म्हणजे वाळवणं तरी खाली घेतो."

त्यांची समजूत काढतेय तोवर सोसायटीचे सचिव बापट दारात उभे. बापट म्हणजे शब्दांची काटकसर करणारा माणूस.

"बाई, फळा वाचला. अक्षर उत्तम, शुद्धलेखन उत्तम. पुसा."

"का म्हणून?"

"मागच्या इमारतीतले फ्लॅट अजून विकले जायचे आहेत. एक गिऱ्हाईक ज्वालामुखी वाचून परत गेलं."

"अहो, तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा आहे!"

"मग इतक्या उशिरा फळ्यावर कशाला लिहिलात?"

मी फळा पुसला नाही. उलट दुसऱ्या दिवशी 'सर्वांनी भाषणास अवश्य यावे' ही ओळ वाढवली. आणि लोक खरेच तयार झाले! भाषणाच्या दिवशी आमच्या भजनी मंडळाच्या बायका, मंदाताई आणि मी अशा सगळ्या एका सहाआसनी रिक्षात कोंबून कॉलेजच्या दाराशी उतरलो. सहाआसनी हे त्या वाहनाचे नाव होते. आत किती बसायचे याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. बापटही आले, बहुधा ज्वालामुखी विझलेला आहे याची खात्री करून घ्यायला. वसंता सांगलीहून परस्पर आला होता. अंगात पांढरा सदरा, काखेत हळदीची पिशवी आणि वरच्या खिशातून संगणक-क्लासची रंगीत माहितीपुस्तिका डोकावत होती.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. बाकीच्या रांगांत विद्यार्थी आणि प्राध्यापक. बाजूच्या खुर्चीवर मुक्ताचे मार्गदर्शक, इनामदार सर. सडसडीत, पांढऱ्या मिशांचे, आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातला प्रत्येक दगड त्यांनी आधीच पाहिला आहे.

मुक्ता उभी राहिली आणि काय बोलली हो! साल्हेरचा कोणता थर हरिश्चंद्रगडाच्या कोणत्या थराशी जुळतो, लाव्हा कोणत्या दिशेने वाहत गेला, कुठे थांबला, कुठे त्यावर माती साचली आणि पुन्हा लाव्हा आला, हे तिने फळ्यावर आकृत्या काढून असे मांडले की आमच्या भजनी मंडळालासुद्धा समजले. मंदाताई मला हळूच म्हणाल्या, "पोरगी काय बोलून राहिली बाई!" मी त्या दिवशी त्यांचे व्याकरण दुरुस्त केले नाही. वसंता मात्र घड्याळ बघत होता.

मुंबईचे पृथक्करण अजून आले नव्हते, पण मग पडद्यावर ते चित्र आलेच. दगडातल्या भोकांचे, शेकडो पटींनी मोठे केलेले. पांढरे चौकोनी स्फटिक, त्यांवर पिवळीधमक साय. सभागृहात 'अरे वा' झाले. मुक्ताने फळ्यावर कळसूबाईचा डोंगर काढला, त्याच्या माथ्यावर ज्वालामुखीचे तोंड काढले आणि तोंडातून बाण सोडले.

इनामदार सर उठले.

"मुक्ता, कळसूबाईवर पाऊस पडतो?"

"धो धो पडतो, सर."

"किती वर्षांपासून?"

"फारच वर्षांपासून, सर."

"मीठ पाण्यात काय करतं?"

मुक्ता थबकली. "विरघळतं, सर. पण आतल्या बंद भोकांत टिकून राहिलं असेल."

"असेल. नमुना आणा."

एका स्टीलच्या ताटलीत नमुना आला. आणि मी खुर्चीतून पुढे वाकले.

एका बाजूने सपाट. दुसऱ्या बाजूने हाताच्या पकडीत बसेल असा फुगीर.

वर्गात खोड्या करताना पकडलेल्या मुलांचे चेहरे मी हजारदा पाहिले होते. त्या मुलांना आतून कसे वाटत असेल, हे मला त्या क्षणी प्रथम कळले. सरांनी दगड उचलला आणि तोंडाजवळ नेला. मी उभी राहिले.

"सर, कृपया चाटू नका!"

सगळे सभागृह माझ्याकडे वळले. मुक्ताने डोळे मोठे केले.

"का बरं?" सर म्हणाले.

"ते... आरोग्यदृष्ट्या इष्ट नाही."

"बाई, माझं निम्मं आयुष्य दगड चाटण्यात गेलं. आरोग्य समोर दिसतंच आहे. आपण बसा."

ज्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या मुलांना 'बसा' म्हटले, ती बाई मुकाट्याने बसली.

सरांनी दगड चाटला. डोळे मिटले. पुन्हा चाटला.

"मीठ आहे," ते म्हणाले. मुक्ताचा चेहरा उजळला.

तिसऱ्यांदा चाटला. "आंबट आहे." मुक्ता गोंधळली. मागच्या रांगेत कुजबुज झाली.

मग त्यांनी दगड नाकाजवळ नेला, दीर्घ श्वास घेतला आणि शांतपणे म्हणाले, "हिंग."

माझ्या शेजारी मंदाताई पुटपुटल्या, "अगं माय!" त्या माझ्या स्वयंपाकघरात अनेकदा येऊन बसलेल्या होत्या. बरणीतल्या कैऱ्यांवरचा तो दगड त्यांना दिसला होता. मी त्यांच्या मनगटाला असा चिमटा काढला की त्यांनी पदर तोंडात धरला. मला वाटले, अजूनही वेळ आहे. हिंग तर हिंग! हिंग कोणाचाही असू शकतो. मी गप्प राहिले तर हा दगड माझ्याकडे बोट दाखवणार नाही. नंतर घरी मुक्ताला एकान्तात सांगू. असे मी मनाशी ठरवत होते, तेवढ्यात सरांनी शेवटचे चाटले.

"आणि मेथी," ते म्हणाले. "जरा करपलेली."

मी ताडकन उठले. "अशक्य! मेथी मी स्वतः मंद आचेवर तळली होती! माझी मेथी आजवर कधीही करपलेली नाही!"

 

मुक्ता माझ्याकडे पाहत होती. मग ताटलीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"आत्या," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "कळसूबाईचा दगड... कैऱ्यांवर?"

"धुऊन ठेवला होता गं! तीन पाण्यांनी!"

तेवढ्यात आमच्या रांगेतून वसंता उठला आणि तरातरा पडद्यापाशी गेला. मला वाटले, संपले. आता हा पोरीचा हात धरून तिला थेट क्लासात नेऊन बसवणार. पण त्याने पडद्यावरच्या त्या पिवळ्या सायीपाशी नाक नेले, डोके तिरके करून पाहिले आणि सरांकडे वळला.

"सर, मिठाचं तुम्ही बघा. पण हे गंधक नव्हे. ही हळद आहे. राजापुरी. आमच्याच दुकानातली, दर वर्षी मीच पाठवतो की हिला! रंग बघा ना, काय चढलाय!" आणि त्याने काखेतली पिशवी सोडून सरांपुढे धरली. "ताडून बघा हवं तर."

सरांनी चिमूटभर हळद घेतली. जिभेवर ठेवली. पडद्याकडे पाहिले. "जुळते," ते म्हणाले.

सभागृह फुटले! ज्वालामुखी काय फुटेल, असे फुटले. मंदाताईंच्या तोंडातला पदर सुटला. बापट, ज्यांना मी सोसायटीच्या गणपतीतही हसताना पाहिले नव्हते, ते खुर्चीच्या पाठीवर डोके टेकून हसत होते. मी उभीच. बसावे की जावे, हेच सुचेना. नजर फक्त मुक्तावर. पोरीच्या एवढ्या मेहनतीवर मी मीठ टाकले, अक्षरशः टाकले, असे वाटून डोळे भरून आले.

मुक्ताने डस्टर उचलला. फळ्यावरच्या कळसूबाईच्या माथ्यावरून ज्वालामुखी पुसला. बाण पुसले. मग वळली, आणि तिच्या ओठांचा कोपरा हलताना मला दिसला.

"सर, शेवटचा निष्कर्ष मी मागे घेते. नमुना... मुरलेला निघाला. आधीच्या निष्कर्षांवर काही प्रश्न आहेत का?"

"नाहीत," सर म्हणाले. "ते पक्के आहेत. ते बाईंच्या हाती लागले नव्हते."

आणि मग मुक्ता हसू लागली. टेबलाला धरून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. माझ्यापाशी आली आणि गळ्यात पडली. "आत्या, अगं, मी त्या दगडाला रोज चाटत होते! आणि रोज मला तुझी आठवण का येत होती, ते कळतच नव्हतं!"

नंतर सरांच्या खोलीत चहा झाला आणि तिथेच सगळे ठरले.

मुक्ताने दगड सोडायचे नाहीत, हे पहिले. मला वाटले होते की वसंताला पटवायला रात्र जाईल. पण त्याने आपणहून खिशातली माहितीपुस्तिका काढून टेबलावरच्या गळक्या कपाखाली ठेवली.

"ताई, मला वाटलं होतं, दगडाचं शिक्षण म्हणजे नुसती पुस्तकं. इथं तर जिभेवर ठेवून माल ओळखतात! आमच्या बाजारात हेच चालतं की! हे मला कळतं. आणि आपला माल खोटा निघाल्यावर पोरीनं झाकला नाही, चारचौघांत बाजूला काढला. त्या कॉम्प्युटरला चव तरी असते का?" असे म्हणून त्याने संमती दिली. सरांनी मान हलवून दिली.

कळसूबाईचा नवा नमुना आणायचा आणि वसंताने बरोबर चढायचे, हे दुसरे. त्याला वसंताने हौसेने आणि त्याच्या गुडघ्यांनी नाइलाजाने होकार दिला. यापुढे एकही दगड माझ्या गॅलरीत ठेवायचा नाही. यास सर, मुक्ता, वसंता, मंदाताई असे सर्वजण एका आवाजात राजी झाले. सोसायटीचा फळा मी स्वहस्ते पुसायचा आणि परदेशस्थ विद्यार्थ्यांना दुरुस्तीपत्र धाडायचे. बापटांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच अनुमोदन दिले. तो दगड विभागाच्या कपाटात राहील आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना चाटून ओळखायला दिला जाईल, असे सरांनी ठरवले; त्यावर कोणाचे मत विचारले गेले नाही.

राहता राहिली मेथी. ती करपली होती, असा ठराव सरांनी चहाचा शेवटचा घोट घेता घेता मांडला. बाजूने सगळे. विरोधात मी एकटी, आणि ठाम!

घरी आल्यावर दार लावून घेतले, बरणी उघडली आणि एका कैरीची फोड कापून चाखून पाहिली.

तो ठराव आता एकमताने मंजूर आहे.